चौथ्या कोपऱ्यातला घास

गुरुग्राम
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय नंदा,
सप्रेम नमस्कार.

फोन लागत नाही म्हणून तू माझ्या नावानं बोटं मोडत असशील. पण फोन माझ्याकडे नाहीच. अनिशने काढून घेतला. म्हणतो, आई, तू कुणालाही फोन लावतेस, लोकांना उगाच त्रास. तुला फोन केला तर ते ‘कुणालाही’ कसं झालं, तूच सांग. म्हणून पत्र लिहायला घेतलं. खालच्या गार्डकडे दिलं की तो टाकतो. भला माणूस आहे.

फोनचं मला काही वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मयुराने माझा सुयांचा डबा उचलून नेला. सुया, कात्री, रिळं, अंगुस्तान, सगळं. नातीसाठी, उत्तरासाठी घेतलेली गोधडी अर्धी झाली होती, तीही कुठे माळ्यावर टाकली कोण जाणे. विचारलं तर म्हणते, “आई, तुमचे डोळे थकलेत, आता आराम करा.” डोळे माझे आणि थकवा हिला कळतो! अजून चष्म्याशिवाय सुई ओवते मी.

सव्विसाव्या मजल्यावर माणसानं दिवसभर करायचं तरी काय? बाहेर धूर म्हणून खिडक्या बंद. हवा साफ करायचं यंत्र कोपऱ्यात घुरघुरत असतं. अनिश आणि मयुरा ऑफिसात, नाहीतर घरातच दारं लावून मीटिंगमध्ये. उत्तरा आयाजवळ. मी हात मांडीवर ठेवून बसते. हात रिकामे राहिले की मला भीती वाटायला लागते, नंदा. कशाची ते सांगता येत नाही. टाका घालत असले की मी कोण, कुठे, काय करतेय, सगळं जागेवर असतं.

मला सुया पाठव. बाकी काही नको. शामरावभावजींना नमस्कार.

तुझी
कुमुदिनी


द्वारका, नवी दिल्ली
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय कुमुद,

तुझं पत्र वाचून असा संताप आला की समोरचा चहा तसाच गार झाला. सासूच्या हातातली सुई काढून घेणारी सून मी आजच ऐकली. दागिने काढून घेतात, घर नावावर करून घेतात, ते ऐकलं होतं.

मी तर त्याच पावली निघणार होते. पण आमचे हे म्हणाले, “एका बाजूचं ऐकून उडी मारू नकोस, आधी अनिशशी बोल.” आयुष्यभर सरकारी फायलींवर ‘चर्चा करावी’ असे शेरे मारले, घरातही तेच. बरं, केला फोन. तुझा लेक काय म्हणाला सांगू? “अरे काकू, आई एकदम फिट आहे! बस थोडा आँखों का प्रॉब्लेम आहे, डॉक्टर म्हणाले आराम करा. बाकी बिल्कुल टेन्शन नाही. चलो काकू, मीटिंग सुरू होतेय.” एवढं बोलून ठेवलाही. मी ह्यांना म्हटलं, बघा, पोरगा बायकोच्या बाजूनं बोलतोय. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुमुद तरी कुणाला सांगणार?

कुमुद, मला आर. के. पुरमचे दिवस आठवतात. आपले क्वार्टर समोरासमोर होते, मुलं पहाडगंजच्या मराठी शाळेत, आणि त्यांची बस गेली की आपण दोघी तुझ्या गॅलरीत. तू मला गाठीचा टाका शिकवलास आणि मी तुला गोधडीचा धावदोरा. आपण मिळून केलेली पहिली गोधडी तुझ्या सासूबाईंनी घरात घेऊ दिली नव्हती, आमच्या घरच्या जुन्या साड्यांचे तुकडे होते ना त्यात. चौथ्या दिवशी ती गोधडी तू माझ्या देखत आत नेलीस, त्यांच्याच दिवाणावर अंथरलीस आणि मला म्हणालीस, “बस.” मी बसले. त्यानंतर मला तुझ्याविषयी कुणी काही सांगितलं तरी मी आधी तुझंच खरं मानत आले आहे.

येत्या रविवारी येते. सुया घेऊनच येते.

तुझी
नंदा


गुरुग्राम
२ एप्रिल

प्रिय नंदा,

तू आलीस, किती बरं वाटलं. तुझी ती जांभळ्या काठाची साडी मला ओळखीची वाटली. तू पुष्पौषधी वनस्पतींसारखा काही चहा आणला होतास, तोही छान होता. की तो मयुराने केला होता?

पण तू पाहिलंस ना, ती एक क्षण तरी उठली का? आपण बोलत होतो तेव्हा समोर बसून होती, पहारा दिल्यासारखी. तू पर्समध्ये हात घातलास तशी म्हणाली, “काकू, प्लीज, शिवणाचं काही देऊ नका हं आईंना.” हसून म्हणाली, पण म्हणालीच. तुझा हात पर्समध्येच राहिला. मला रडू आलं होतं, तुझ्यासमोर आवरलं.

तू गेल्यावर काय झालं, सांगते. दोन दिवस मला जेवायला दिलं नाही. मी मागितलं तर म्हणतात, आई, आत्ताच तर जेवलात. खोटं किती सहज बोलतात ही मुलं! स्वयंपाकघराला आता कुलूप असतं. गॅसजवळ जायचं नाही, बाल्कनीत जायचं नाही. अशोक ऑफिसातून आले की त्यांच्या कानावर घालणार आहे. हल्ली त्यांनाही फार उशीर होतो.

हात रिकामेच आहेत. काल मी टॉवेलच्या दशा काढून त्यांच्या वेण्या घातल्या. संध्याकाळी मयुराने त्या बघितल्या आणि माझ्याकडे बघून तिचे डोळे भरले. नाटकं नुसती.

काही तरी कर, नंदा.

तुझी
कुमुदिनी


द्वारका
८ डिसेंबर २०२४

प्रिय कुमुद,

तुझ्या पत्रावर एप्रिल लिहिलंय! एवढी उन्हाळ्याची घाई? इथे आम्ही दोन स्वेटर घालून बसलोय. आणि मी आणलेला तो साधा गवती चहा होता गं, पुष्पौषधी कसली.

तू अशोकभावजींची वाट बघतेस असं लिहिलंस, तिथे मी थांबले. ते जाऊन चार वर्षं झाली. पण माणूस गेलं तरी संध्याकाळी कान दाराकडे लागतात, हे मला माझ्या आईवरून ठाऊक आहे. ह्यांनी मात्र ते वाचलं आणि म्हणाले, “हे काही बरोबर वाटत नाही, वहिनींची तब्येत विचारायला हवी.” मी म्हटलं, मी स्वतः बघून आले ना! आर. के. पुरमच्या भाजीवाल्याचं नाव मला आठवत नव्हतं, ते तिनं चटकन सांगितलं. पोरांच्या बाईंची नावं, बसचा नंबर, सगळं. अशा बाईचं डोकं फिरलंय म्हणता? फिरलंय ते तिच्या घरच्यांचं. उपाशी ठेवतात आणि वर ‘जेवलात’ म्हणतात.

आता मन लावून वाच आणि वाचून झालं की पत्र फाडून टाक.

या पत्रानंतर दोन दिवसांत तुला कुरियरनं एक गोधडी येईल. लहान आहे, पायांवर घ्यायला. माझ्या आकाशी साडीचा मधला भाग आहे, ह्यांचे दोन सदरे आहेत आणि कडेला आमच्या मुलीच्या, क्रांतीच्या लग्नातल्या माझ्या साडीचा काठ. पंधरा दिवस मान मोडून बसले होते. मयुरा गोधडीला नाही म्हणणार नाही, थंडी आहे.

आमच्याकडे गोधडी उपाशी ठेवत नाहीत, हे मी तुला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू किती हसली होतीस! शेवटचा, चौथा कोपरा शिवून बंद करायच्या आधी त्यात चिमूटभर ज्वारी घालायची, तो गोधडीचा घास. म्हणजे तिच्याखाली झोपणाराही उपाशी राहत नाही. पुढे तूही प्रत्येक गोधडीत घालायला लागलीस. तर या गोधडीच्या चौथ्या कोपऱ्यात ज्वारी नाही. लाल दोऱ्याची खूण केलेला कोपरा बघ. आत फ्लॅनेलच्या तुकड्यात खोचलेल्या तीन सुया आहेत आणि दोऱ्याची एक गुंडाळी. करोल बागेत आपण ज्याच्याकडून घ्यायचो त्याच दुकानातून मेट्रोनं जाऊन आणल्यात. कच्चे टाके घातलेत, नखानं उसवतील.

ह्यांना ही चोरटी गोष्ट पटलेली नाही. पटू दे नाहीतर न पटू दे.

तुझी
नंदा


गुरुग्राम
बुधवार

प्रिय नंदा,

आली! गोधडी आली आणि तिच्यातला घासही मला मिळाला. मयुराने खोक्यातून काढली, उलटीपालटी केली, गालाला लावली. “आई, किती सॉफ्ट आहे, काकूंनी काय सुंदर केलीय,” म्हणाली. तिच्या हाताला काही लागलं नाही. मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. मी अशी लबाड असेन असं तुला वाटलं होतं का?

दुपारी दार लोटून कोपरा उसवला. सुई बोटांत धरली आणि नंदा, मला माझं नाव कुणीतरी हाक मारून सांगितल्यासारखं झालं. कापड कुठलं नव्हतं, म्हणून तुझ्याच गोधडीवर घालते आहे टाके. तुझ्या धावदोऱ्याच्या मधून मधून माझे गाठीचे टाके. आकाशी तुकड्यावर एक वेल काढलीय. पानं जमली, फूल अजून नीट येत नाही. पूर्वी डोळे मिटून यायचं. पण येईल. रात्री झोप चांगली लागते. मयुरा म्हणाली, आई, हल्ली तुम्ही शांत आहात. म्हटलं, हो, थंडी मानवली.

कुणाची चाहूल लागली की सुई तिथेच गोधडीत खोचून टाकते. गोधडी पायांवर असतेच, कुणाला संशय येत नाही. फ्लॅनेलचा तुकडा कुठे गेला बाई, सापडत नाही. पण त्यावाचून अडत नाही.

आणि गंमत सांगते. उत्तरा आता रांगते. माझी गोधडी खाली पडली की तिच्यावर येऊन बसते आणि उतरत नाही. वेलीची पानं नखानं ओढते. मयुरा म्हणते, दुपारी तिला ह्याच्यावरच ठेवत जाऊ, फरशी गार असते. तुझ्या साड्यांवर माझी नात रांगते आहे. अशोकना दाखवायला हवं.

तुझीच
कुमुदिनी


द्वारका
२६ डिसेंबर २०२४

कुमुद,

तुझं पत्र आत्ता आलं. आधी फूल नीट आलं का हे विचारणार होते, पण तुझ्या शेवटच्या ओळी वाचल्या आणि ते राहू दिलं.

सुया गोधडीत खोचून ठेवू नकोस. ऐक माझं. बाळ तिच्यावर रांगतं आहे. आत्ता हे पत्र वाचता वाचता उठ, गोधडी उजेडाकडे धर, दोन्ही बाजूंनी हात फिरव आणि सुया मोज. तीन भरायला हव्यात. मोजल्या की साबणाच्या वडीत खोच, उशीच्या खोळीत ठेव, काहीही कर. आणि गोधडी बाळाखाली घालू देऊ नकोस. म्हण, मला थंडी वाजते, माझी मला द्या.

हे म्हणतात, “पत्र जाऊन पोचेपर्यंत चार दिवस जातील, आत्ता मयुराला फोन कर.” फोन माझ्या हातातच होता, कुमुद. पण फोन केला की सगळं बिंग फुटणार, सुया जाणार, मी पाठवल्या म्हणून मलाही पुन्हा दार उघडणार नाहीत. आणि तू पुन्हा हात मांडीवर ठेवून बसणार. आत्ता कुठे तुला झोप लागते आहे. तू शहाणी आहेस, मोजशील. तुझ्या हातून आजवर एक सुई हरवलेली मी पाहिली नाही.

स्पीडपोस्टनं पाठवते आहे. लगेच दोन ओळी लिही.

नंदा


द्वारका
१४ जानेवारी २०२५

कुमुद,

दोन ओळी लिही म्हटलं होतं, दोन अक्षरंही नाहीत. दोनदा अनिशला फोन केला, उचलला नाही. सुया मोजल्यास का? तेवढं एक सांग. रागावली असशील तर राग लिहून पाठव.

नंदा


गुरुग्राम
२ फेब्रुवारी २०२५

नंदाकाकू,

मी मयुरा. अनिशच्या फोनवर तुमचे मिस्ड कॉल बघितले. फोनवर बोलले असते तर ओरडले असते, म्हणून लिहिते. मराठी लिहायची सवय गेलीय, सांभाळून घ्या.

२८ डिसेंबरला दुपारी उत्तरा खेळताना अचानक किंचाळली. उचललं तर गप्प व्हायची, खाली ठेवलं की रडायची. आम्हाला वाटलं दात येतायत. डॉक्टरांनाही तेच वाटलं. चौथ्या दिवशी ताप आला आणि उजवा गुडघा सुजला. एक्स-रेमध्ये सुई दिसली. अर्धी तुटलेली, गुडघ्याच्या सांध्यात; उरलेली अर्धी गोधडीत मिळाली. ती रांगत होती ना, सगळा भार गुडघ्यावर. सांध्यात पू झाला होता. दोन ऑपरेशन झाली. काल घरी आणलं. कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर आहे. डॉक्टर म्हणतात, चालेल, पण तो पाय किती वाढेल आणि गुडघा किती वाकेल ते आज सांगता येत नाही. ती अकरा महिन्यांची आहे, काकू.

आता जे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं ते सांगते. आईंना विस्मरणाचा आजार आहे. दीड वर्ष झालं. जेवलेलं विसरतात, बाबा गेलेले विसरतात. गॅस दोनदा चालू राहिला होता. सप्टेंबरमध्ये मला उत्तराच्या पाळण्यात सुई सापडली, म्हणून मी डबा काढून घेतला. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते, कारण त्यांच्याकडून काय काढून घेतेय ते मला कळत होतं. कुणाला सांगायचं नाही हे अनिशचं म्हणणं. “आईला लोक वेडी म्हणतील, ते मला नाही सहन होणार.” तुम्ही फोन केलात तेव्हा तो तुमच्याशी खोटं बोलला. तुम्ही घरी आलात तेव्हा मीही खरं बोलले नाही.

सुई आली कुठून, ते कळत नाही. तुमची पत्रं आई वाचून फाडून टाकतात, आम्हाला कधी दाखवत नाहीत. अनिश म्हणतो आईने कुठून तरी चोरली. मला वाटतं तुमच्याकडून शिवताना चुकून गोधडीत राहिली असेल. तसं असेल तर मी समजू शकते. पण परवा आईंच्या उशीत आणखी एक सापडली. म्हणून विचारते, प्लीज खरं सांगा. किती सुया होत्या? मी रोज फरशीवर लोहचुंबक फिरवतेय.

मयुरा


द्वारका
५ फेब्रुवारी २०२५

चि. मयुरास,

तीन होत्या. एक बाळाच्या गुडघ्यात, एक उशीत, एक अजून घरात आहे. आधी ती शोध, मग पुढचं वाच.

चुकून राहिली नाही. मी ठेवल्या. गोधडीच्या कोपऱ्यात मुद्दाम शिवून पाठवल्या, कारण कुमुदनं लिहिलं होतं की तुम्ही तिचे हात बांधलेत, तिला उपाशी ठेवता, आणि मी ते सगळं खरं मानलं. आमचे हे दोनदा सांगत होते की काहीतरी बिनसलंय. मी ऐकलं नाही. तीस वर्षांची मैत्रीण मला जास्त कळते असा माझा ताठा होता.

याहून वाईट आहे ते सांगते. बाळ त्या गोधडीवर रांगतं हे मला २६ डिसेंबरला कळलं होतं. तिनंच कौतुकानं लिहिलं होतं. फोन हातात होता. तुला फोन केला असता तर त्याच संध्याकाळी गोधडी उचलली गेली असती. मी तिच्या सुया वाचवायला पत्र टाकलं. त्यानंतर दोन दिवसांनी बाळाला लागलं.

कुमुदनं चोरी केली नाही, हे अनिशला सांग. तिच्यावर आळ नको. तुम्ही दोघं म्हणाल तिथे मी येईन, म्हणाल ते ऐकून घेईन. पोलिसांत द्यायचं असेल तर हे पत्र पुरेसं आहे, खाली सही केली आहे.

नंदा शामराव वासनिक


गुरुग्राम
२३ फेब्रुवारी २०२५

नंदाकाकू,

तिसरी सुई आईंच्या ब्लाउजच्या बाहीत होती, उलट्या बाजूने खोचलेली. तुमच्या पत्रामुळे सापडली.

तुमचं पत्र अनिशने वाचलं आणि फाडायला निघाला, मी घेतलं. पोलिसांत वगैरे काही जायचं नाही. तुम्ही एक फोन केला नाहीत, त्यानं एक खरं वाक्य सांगितलं नाही, आणि मी गोधडी हातात घेऊन गालाला लावली पण दाबून बघितली नाही. उत्तराला रात्रंदिवस मांडीवर घेऊन बसते तेव्हा हेच डोक्यात फिरतं. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. पुढे करेन की नाही माहीत नाही. हे पत्र त्यासाठी नाही.

आईंना आम्ही फरिदाबादला एका वृद्धांच्या केंद्रात ठेवलंय. शिक्षा म्हणून नाही. दोघींना सांभाळणं मला जमत नाही, एवढंच. तिथे त्या कशाचीच आठवण ठेवत नाहीत, पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीय, की उत्तराला गोधडीतली सुई लागली. कुणाची, कशी, ते आठवत नाही. रोज विचारतात. एकदा अनिशनं रागात सांगून टाकलं, “आई, तूच खोचली होतीस.” त्यांनी दोन्ही हात भिंतीवर आपटून घेतले, रक्त निघेपर्यंत. दुसऱ्या दिवशी बँडेज बघून विचारलं, हे काय झालं? आणि लगेच पुढे, उत्तराला सुई कुणी लावली?

त्यांना ते प्रत्येक वेळी पहिल्यांदाच कळतं, काकू. म्हणून आता आम्ही सांगतो, माहीत नाही, शोधतोय. तुम्हीही तेच सांगायचं. मी तुमच्याकडून एवढं एकच मागते. तुम्हाला कबूल करून मोकळं व्हावंसं वाटेल. ‘मीच केलं’ असं तर अजिबात सांगू नका. आम्हाला त्या नेहमी ओळखत नाहीत. तुमचं नाव मात्र रोज घेतात. तेवढं एकच माणूस त्यांच्याजवळ उरलंय, ते काढून घेऊ नका.

पत्ता खाली दिलाय. भेटायची वेळ रविवारी सकाळी.

मयुरा


फरिदाबाद

प्रिय नंदा,

इथल्या बाई चांगल्या आहेत, त्यांनी कागद दिला. हे हॉटेल आहे की इस्पितळ ते मला कळत नाही. अशोक नेतील तेव्हा जाईन.

तुला एक फार वाईट बातमी सांगायची आहे. आमच्या उत्तराला सुई लागली. गोधडीत होती. कुणीतरी मुद्दाम ठेवली होती नंदा, मुद्दाम. इतकी तान्ही पोर! गोधडी म्हणजे आपल्या अंगाखांद्यावरच्या कापडांची ऊब, तिच्यात कुणी असं करतं का? ज्या बाईनं हे केलं तिचे हात झडोत. तिच्या घरी कधी पाळणा हलू नये. मी कुणाचं वाईट चिंतलं नाही आजवर, पण हिचं चिंतते. सकाळ-संध्याकाळ चिंतते.

इथे कुणी मला काही सांगत नाही. सगळे म्हणतात, शोधतोय. यांना काय सापडणार? तू शोध. तुला कापडावरून, टाक्यावरून माणूस ओळखता येतं. तू ती गोधडी नुसती हातात घेतलीस तरी सांगशील कुणाचा हात आहे. सापडली की आधी मला सांग. बाकी कुणावर माझा भरवसा नाही, तुझ्याशिवाय.

येशील ना?

तुझी
कुमुदिनी


द्वारका
१९ मार्च २०२५

प्रिय कुमुद,

तुझं पत्र मिळालं. येत्या रविवारी सकाळीच येते. मेट्रो एकदा बदलली की येता येतं, त्यामुळे दर रविवारी येत जाईन. हेही येतो म्हणतात. तुझ्यासाठी मऊ खिचडी आणेन, तुपाची.

उत्तराचं प्लास्टर काढलं असं मयुरानं कळवलंय. पाय अजून वाकत नाही, मालीश चालू आहे. मला अजून तिला बघू दिलेलं नाही, आणि मी मागितलंही नाही.

तू दिलेले शाप वाचले. दोनदा वाचले. तेवढ्यानं भागणार नाही तिचं, पण तू आता मनाला लावून घेऊ नकोस, तुला त्रास होतो. माझ्याजवळ बोल, मी आले की हवं तेवढं बोल, मी ऐकून घेईन.

गोधडी मी हातात घेऊन बघितली. कुणाचा हात आहे, ते काही ओळखता आलं नाही. ती बाई अजून सापडलेली नाही.

मी शोधते आहे.

तुझी
नंदा